डेबियन टाकायला गावी जाण्याआधी

चोपडा-यावलकडच्या गावातल्या वाचनालयात जुन्या पीसींवर डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम) टाकायला निघणार असाल, तर आधी पेनड्राइव्ह नाही, वही घ्या. तिथे कोण बसणार हे चार दिवस आधी विचारून लिहून ठेवा. कुणाला सातबारा आणि केळीचा भाव बघायचाय, कुणी मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसतंय, सुट्टीत पोरं खेळायला येणार. टायपिंगवाल्यांना कोणता कीबोर्ड लागतो, इन्स्क्रिप्ट की रेमिंग्टन, तेही तेव्हाच विचारा. पॅकेजची, म्हणजे टाकायच्या सॉफ्टवेअरची, निम्मी निवड इथेच होते. आपल्याला आवडतं म्हणून काहीही टाकायचं नाही.

मशीनची रॅम, डिस्क आणि प्रोसेसर फोनवरच विचारून घ्या. प्रोसेसर ३२ बिट असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलर त्यासाठी निघतच नाही. नेट धड नसेल तर नेटइन्स्ट या छोट्या इन्स्टॉलरच्या भरवशावर जाऊ नका, त्यात फक्त मूळ सिस्टीम असते, डेस्कटॉप नेटवरून उतरतो. डेबियनच्या पहिल्या डीव्हीडीची इमेज (अख्ख्या डीव्हीडीची एक फाइल) ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर न्या. मे महिन्यात गेलात तर सकाळीच काम उरका. ऊन तर आहेच, पण पॅकेजेस सुटत असताना लाइट गेली की घोळ होतो.

इन्स्टॉलरमध्ये खरी मेख सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर आहे. तिथे डेस्कटॉप, ग्नोम (डेस्कटॉपचा एक जड प्रकार) आणि नेहमीच्या युटिलिटीज यांवर आधीच खुणा असतात. खूण करायला किंवा काढायला स्पेसबार. बरेच जण सवयीने एंटर दाबतात आणि ग्नोम उतरायला लागतो. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर ग्नोमची खूण काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घ्या. सगळ्या खुणा काढल्या तरी बिघडत नाही, हाच पडदा दाखवणारं टास्कसेल नंतरही चालवता येतं. या पडद्याआधी पॅकेज वापराच्या सर्वेक्षणात भाग घ्यायचा का, असं विचारतात. उत्तर ‘नाही’वर असतं. ते बदलायचं का, हे वाचनालयवाल्यांना विचारा, आपण परस्पर ठरवू नका.

पुढे एकेक पॅकेज घालताना एपीटीची, म्हणजे पॅकेज घालणाऱ्या-काढणाऱ्या कमांडची, एक सवय ध्यानात ठेवा. ते गरजेच्या पॅकेजांबरोबर ‘रेकमेंड्स’मधलीही, म्हणजे नुसती शिफारस केलेलीही, ओढून आणतं. छोट्या डिस्कवर हे भारी पडतं. आधी सिम्युलेटचा पर्याय देऊन यादी बघा, डिस्कवर काहीच उतरत नाही. नको ते बरंच दिसलं तर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावा. पण सरसकट लावू नका, एखादी उपयोगाची सोय गळते आणि मग ती शोधत बसावं लागतं. लोहित देवनागरी फॉन्ट आणि मराठी टायपिंगसाठी आयबसचं एम१७एन मात्र यादीत हवंच. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस हा शैक्षणिक खेळांचा संच चांगला, जागा असेल तरच. डीव्हीडीवर नसलेल्या पॅकेजसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, फोन चार्ज करून न्या.

निघताना ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ या कमांडने मिळणारी, मुद्दाम घातलेल्या पॅकेजांची यादी फाइलमध्ये उतरवून वाचनालयाच्या रजिस्टरला जोडा. पुढच्या मशीनला तीच कामी येते, आणि काय काढायचं तेही त्यांना त्यावरून ठरवता येतं. एखादं पॅकेज तिथल्याच कुणाकडून काढून-घालून घ्या. इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा ठेवला तर पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामं करण्याचा, अधिकार मिळतो. तो वापरकर्ता वाचनालयातला असावा, पासवर्ड त्यांनीच टाकावा.