मागच्या ॲक्सलचे बेअरिंग वारंवार जात असेल तर
ऑफ-रोड गाडीत नवे बेअरिंग बसवूनही मागच्या चाकातून लवकरच पुन्हा घरघर येऊ लागली, तर आधी मूळ कारण शोधावे. डिफरन्शियलचे (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचे) ऑइल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे. ओढा ओलांडताना तापलेले हाउसिंग (ॲक्सलचे बाहेरचे कवच) एकदम थंड होऊन आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा झडपेसारखा भाग) चिखलाने बुजलेला असल्यास सीलमधून (शाफ्टभोवती ऑइल रोखणाऱ्या रबरी कडीतून) पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदर साफ करून त्याची नळी उंच न्यावीच. सील टेकते तिथे शाफ्टवर नखाला लागणारी खाच असल्यास नुसते नवे सील टिकत नाही. बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवताना जोर आतल्या रिंगवरच द्यावा. एवढे करूनही एकाच बाजूचे बेअरिंग जात राहिल्यास हाउसिंग वाकले आहे का, ते तपासून घ्यावे.