दोन जॉइन आणि दुप्पट झालेली बेरीज: रिलेशनल डेटाबेस शिकायला सुरुवात कशी करावी

रिलेशनल डेटाबेस म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या टेबलांत ठेवलेली माहिती. तो शिकायचा तर घरातला नाहीतर शेजारचा एक खरा हिशेब निवडा. ‘विद्यार्थी’ आणि ‘विषय’ अशी दोन टेबलं असलेले तयार नमुने सोडून द्या. त्यांत उत्तर चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, त्यामुळे ते चुकलंय हेसुद्धा कळत नाही. फोंड्यात मी नव्या मुलांना शिकवायला बसते तेव्हा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) ऑर्डरींची वही पुढे ठेवते. माझ्या काकीचा बायकांचा गट चवथीला नेवऱ्या, लाडू, चकल्या करून देतो. कोणी काय मागितलं, आगाऊ किती दिले, बाकी किती राहिली, एवढ्या तीन प्रश्नांत सगळा पाया येतो.

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत. ‘आधी मोठा सर्व्हर बसवा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, पहिला आठवडा इन्स्टॉलेशनच्या भांडणात जातो. इथे शिकलेलं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, पुढे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसमध्ये थोड्या फरकाने चालतंच.

आता टेबलं कागदावर काढा. नियम एकच: एक गोष्ट एकाच जागी लिहायची. गोव्यात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. एकाच गावाला कोणी डिचोली लिहितं, कोणी इंग्रजी पाटीवरून बिचोलिम. साखळीचं तसंच सँकलिम होतं. ऑर्डरीच्या प्रत्येक ओळीत गावाचं नाव लिहीत बसलात, तर साखळीची पार्सलं काढताना निम्मी मागे राहतील. म्हणून गावांचं टेबल वेगळं, प्रत्येक गावाला एक आकडा, आणि गिऱ्हाइकाच्या ओळीत फक्त तो आकडा. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, त्याचा गाभा हाच आहे: माहिती टेबलांत ठेवायची आणि टेबलांमधलं नातं त्यांत लिहिलेल्या मूल्यांवरून जुळवायचं. त्याआधी एका नोंदीपासून दुसरीकडे जायची वाट प्रोग्रॅमरला स्वतः आखावी लागे.

आपल्या वहीची सहा टेबलं होतात: गावं, गिऱ्हाइकं, जिन्नस, ऑर्डरी, ऑर्डरीतल्या ओळी आणि जमा. ऑर्डरीच्या टेबलात जिन्नस-१, जिन्नस-२, जिन्नस-३ असे रकाने पाडू नका, चौथा जिन्नस मागणारी येतेच. भाव मात्र जिन्नसाच्या टेबलात असला तरी ऑर्डरीच्या ओळीतही लिहा. तो त्या दिवशी ठरलेला भाव आहे. पुढच्या वर्षी लाडू महागले म्हणून गेल्या वर्षीचा हिशेब हलता कामा नये.

प्रत्येक टेबलाला प्रायमरी की द्या, म्हणजे ओळ ओळखायचा तिचा स्वतःचा आकडा. नाती फॉरेन कीने बांधा, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आकडा इथे लिहून. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की लिहिली तरी तिची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक नव्या कनेक्शनवर, म्हणजे फाइल नव्याने उघडली की, ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन’ द्यावं लागतं. नाहीतर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर ऑर्डर निमूट चढते. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, म्हणजे क्रम लावताना घोळ होत नाही. पैसे पूर्णांकात ठेवा.

इन्सर्ट (ओळ घालणं), सिलेक्ट (ओळी काढणं), व्हेअर (अट घालणं), ऑर्डर बाय (क्रम लावणं): दोन संध्याकाळी पुरतात. हाताने टाइप करा.

आता जॉइन. इथे घाई करू नका, कारण मी केली होती.

जॉइन म्हणजे दोन टेबलं शेजारी चिकटवणं असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. माझ्या मते नवशिक्याला दिलेला हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. जॉइन ओळींच्या जोड्या लावतं. डावीकडच्या एका ओळीला उजवीकडे तीन ओळी जुळल्या तर ती डावी ओळ तीनदा येते. हे डोक्यात बसलं नाही तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालते, एरर येत नाही आणि उत्तर खोटं येतं.

काकीच्या गटासाठी मी पहिल्यांदा बाकीची यादी काढली तेव्हा नेमकं हेच झालं. साखळीच्या एका बाईंची ऑर्डर होती ५ डझन नेवऱ्या, १२० रुपये डझनाने ६०० रुपये, आणि २ किलो लाडू, ४०० रुपये किलोने ८०० रुपये. एकूण १,४००. त्यांनी ५०० रुपये दोनदा भरले होते, म्हणजे बाकी ४००. त्या तेवढेच पैसे मोजून घेऊन आल्या आणि माझ्या यादीत त्यांच्यापुढे ८०० लिहिलेलं. पर्समधून दोन्ही पावत्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. त्यांचंच बरोबर होतं. मी चार बायकांसमोर त्यांच्याकडे दुप्पट पैसे मागितले होते. ते मला अजून लागतं.

मी ऑर्डर, तिच्या ओळी आणि जमा ही तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडली होती. दोन ओळी, दोन जमा: जोड्या चार. प्रत्येक ओळ दोनदा मोजली गेली, मालाची बेरीज २,८०० झाली. जमाही दोनदा, म्हणजे २,०००. वजाबाकी ८००.

यावर ‘डिस्टिंक्ट लावा’, म्हणजे सारखे आकडे एकदाच धरा, असं कोणीतरी सांगतंच. मलाही सांगितलं होतं. लावून बघा. ६०० आणि ८०० वेगळे आकडे असल्यामुळे मालाची बेरीज १,४०० अशी बरोबर येते आणि तुम्हाला वाटतं सुटलं. पण जमेचे दोन्ही आकडे ५००च आहेत. डिस्टिंक्टने त्यांतला एक गिळला, जमा ५०० राहिली आणि बाकी ९०० झाली, आधीपेक्षाही वाईट. जोड्या जास्त पडल्यामुळे फुगलेली बेरीज डिस्टिंक्टने कधीही दुरुस्त करू नका.

बरोबर पद्धत अशी. आधी फक्त ऑर्डरीतल्या ओळींवर ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) लावून प्रत्येक ऑर्डरीची मालाची बेरीज काढा. मग वेगळ्या सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीत, फक्त जमेवर तसंच करा. आता दोन्हीकडे एका ऑर्डरीला जास्तीत जास्त एकच ओळ उरली. त्यानंतरच या दोन्ही ऑर्डरींच्या टेबलाला जोडा. आधी बेरीज, मग जॉइन. शिवाय सम (बेरीज) लिहिण्याआधी तीच क्वेरी बेरजेविना चालवून ओळी डोळ्यांनी बघा. एक ऑर्डर घ्या, किती ओळी यायला हव्यात ते कागदावर लिहा, मग एंटर दाबा. माझ्या मुलांना मी कागदावरचा आकडा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

यानंतर एक खड्डा उरतो. साधं जॉइन वापरलंत तर ज्यांनी एक पैसाही भरलेला नाही त्या यादीतून गळतात, कारण जमेत त्यांची ओळच नाही. म्हणजे ज्यांची पूर्ण बाकी आहे, नेमक्या त्याच गायब. म्हणून जमा जोडताना लेफ्ट जॉइन, ते डावीकडची ओळ जोडी नसली तरी राखतं. त्यांची नावं येतील, पण बाकी रकमेचा रकाना रिकामा (नल) येईल. १,४०० वजा नल म्हणजे १,४०० होत नाही, नलच होतं. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहिती नाही’. जमेच्या बेरजेला कोअलेस लावून नलच्या जागी शून्य घ्या. आणि जमेच्या तारखेची अट घालायची असेल तर ती बेरीज काढणाऱ्या सबक्वेरीतच घाला. बाहेरच्या व्हेअरमध्ये घातलीत तर लेफ्ट जॉइनने राखलेल्या ओळी पुन्हा गळून पडतात. ही चूक वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या क्वेरीतही मी बघते.

इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची) आत्ता नको, काही शे ओळींना त्याची गरज नाही. फाइलीची एक प्रत मात्र रोज पेनड्राइव्हवर घ्या.

मग वही उघडा. कोणत्याही पाच गिऱ्हाइकांची बाकी पेन्सिलने काढा: एक पूर्ण भरलेली, एक अर्धवट, एक अजिबात न भरलेली, एक दोनदा सारखीच रक्कम भरलेली आणि एक तीन जिन्नस घेतलेली. पाचही आकडे क्वेरीशी जुळले की यादी छापा आणि काकीच्या हातात द्या.