कॉमिक कॉनला स्टॉल घ्यावा का? नागपूरच्या छोट्या गेम प्रकाशकासाठी

स्वतःचा बोर्ड गेम किंवा पत्त्यांचा खेळ छापून घेतलेल्या माणसाच्या घरी दिवाणाखाली खोके असतात. ते कधी संपतील याची चिंता रोज सकाळी त्याच्यासोबतच उठते. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "कॉमिक कॉनला जा ना, हजारोंनी पोरं येतात तिथं." कॉमिक कॉन म्हणजे कॉमिकच्या चाहत्यांचा मेळा. मलाही हे बऱ्याच जणांनी सांगितलं. माझा खेळ कळमन्याच्या संत्रा बाजारावरचा: चार खेळाडू, वीस मिनिटं, आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन्ही बहारांचा (हंगामांचा) माल लिलावात विकायचा. तो घेऊन मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गर्दीच्या आशेवर गेलो आणि खिशातून पैसे घालून परत आलो. दुसऱ्यांदा खुर्च्या मोजून गेलो. या लेखात मुख्यतः त्या मोजणीबद्दल सांगतो.

आधी तिकीट काढून जा

कॉमिक कॉन इंडियाची सुरुवात २०११ साली दिल्ली हाटमध्ये झाली. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद, पुणे अशा शहरांतही हा मेळा भरला. इथला माणूस मुख्यतः कॉमिक, अ‍ॅनिमे (जपानी कार्टून), कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश), टी-शर्ट आणि पोस्टरसाठी येतो. टेबलावर बसून खेळायचा खेळ त्याच्या यादीत असेलच असं नाही. जर्मनीतला एसेनचा श्पील मेळा (१९८३ पासून) किंवा अमेरिकेतला जेन कॉन (१९६८ पासून) यांची गोष्ट निराळी. तिथं लोक खेळण्यासाठीच येतात. आपल्याकडे त्या जातीचं काही हवं असेल तर मुंबईच्या मीपलकॉनसारखे बोर्ड गेमचे मेळावे बघा.

म्हणून पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. साधं तिकीट काढा आणि दिवसभर एका गेमच्या स्टॉलसमोर उभे राहा. किती जण थांबतात, किती बसतात, किती जणांच्या हातात पिशवी दिसते, हे वहीत लिहा. दुपारी चारच्या सुमाराला स्टॉलवाल्याला निवांत वेळ असेल तर त्याच्याशी बोला. या धंद्यातली माणसं मोकळेपणानं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

मग हिशेब मांडा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तिथं तुमचे घाला. पेटीची एमआरपी ८०० रुपये धरू. ५ टक्के जीएसटी वगळला की ७६२ उरतात. (२१ सप्टेंबर २०२५ पर्यंत बोर्ड गेमवर १२ टक्के होता, हा दिलासा छोट्यांना फार मोलाचा आहे.) छपाईचे २८० आणि चित्रकाराचे ४० गेले की एका पेटीमागे हातात साधारण ४४० रुपये येतात.

आता खर्च. स्टॉलभाडं ३५,०००, दोघांचं रेल्वेभाडं ६,०००, तीन रात्री लॉज ९,०००, जेवण आणि रिक्षा ५,०००, बॅनर-टेबलक्लॉथ ५,०००. झाले साठ हजार. त्याला ४४० नं भागलं तर १३७ पेट्या विकल्यावर आपण बरोबरीत येतो. कमाई त्यानंतर सुरू होते.

खुर्च्या मोजा

माझ्या अनुभवात न खेळता आठशे रुपयांचा अनोळखी खेळ विकत घेणारा माणूस जवळजवळ भेटतच नाही. विक्री होते ती टेबलावर बसलेल्या माणसांतून. दोन दिवसांचा मेळा, रोज नऊ तास, म्हणजे अठरा तास. एक टेबल, चार खुर्च्या, वीस मिनिटांचा डाव, म्हणजे तासाला तीन डाव आणि बारा माणसं. चार मित्र एकत्र बसले तर पेटी चौघांत मिळून एकच जाते, म्हणून तासाला तीन पेट्या धरा. अठरा तासांत ५४. हव्यात १३७. स्टॉलसमोरून पन्नास हजार लोक गेले तरी हा आकडा हलत नाही, कारण खुर्च्या चारच आहेत.

पहिल्या वेळी मला हे कळलं नव्हतं. शनिवारी दुपारी समोर एवढी गर्दी की बॅनर दिसेना, आणि माझ्या टेबलावर कॉलेजची चार मुलं वीस मिनिटांचा पूर्ण डाव चाळीस मिनिटं खेळत बसलेली. छान रमली होती. मागे सात-आठ जण वाट बघून निघून गेले. चौघांनी मिळून एक पेटी घेतली.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करावे लागतात. एक, दुसऱ्या छोट्या प्रकाशकासोबत स्टॉल वाटून घ्या आणि एकेकटेच जा. मग भाडं १७,५००, रेल्वे ३,०००, लॉज ४,५००, खाणंपिणं २,५००, बॅनर ५,००० मिळून साडेबत्तीस हजार होतात आणि बरोबरीला ७४ पेट्या लागतात. दोन, पूर्ण डाव खेळवू नका. पत्ते आधीच मांडून ठेवा, दोन फेऱ्या खेळवा आणि लिलाव रंगात आला की थांबा. बारा मिनिटांत उठवता आलं तर तासाला पाच डाव, म्हणजे अठरा तासांत ९० पेट्यांची शक्यता. आता गणित जुळतं, तेही जेमतेम. यातलं एकही जमत नसेल तर यंदा जाऊ नका, ते पैसे पुढच्या छपाईत घाला.

नागपुरातच तालीम करा

बारा मिनिटांत खेळ समजावणं ही कला आहे आणि ती परगावी शिकायची नसते. धरमपेठेतल्या कॅफेत, व्हीएनआयटीच्या किंवा कुठल्याही कॉलेजच्या महोत्सवात, सोसायटीच्या गणपतीत टेबल मांडा. नियम स्वतः सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. एका मावशींनी माझ्या दुसऱ्याच वाक्याला हात वर केला होता: "थांब ना जी, आधी जिंकायचं कसं ते सांग. हे काय चाललं ते समजूनच नाही राहिलं." मी बाजारापासून सुरुवात करत होतो, त्यांना शेवट आधी हवा होता. त्या दिवसापासून माझं पहिलं वाक्य ठरलं: "ज्याच्याकडे शेवटी जास्त पैसे, तो जिंकला." मुंबईच्या पोरांना मृग बहार म्हणजे जूनमध्ये फुलं आणि फेब्रुवारीनंतर फळ, हे ठाऊक नसतं. ते आता सांगायची गरजही पडत नाही, पत्त्यावरचं चित्र पुरतं.

मांडणी शिकायची असेल तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांचे इतके स्टॉल एका ठिकाणी क्वचितच बघायला मिळतात. पुस्तक हातात घेऊन चाळायला कुणी अडवत नाही, आणि किंमत पुठ्ठ्यावर एवढी ठळक लिहिलेली असते की विचारायचा संकोच वाटत नाही. माझ्या स्टॉलवर तेव्हापासून एक पेटी कायम उघडी असते आणि किंमत तळहाताएवढ्या अक्षरांत.

कागदपत्रं

मुंबई-पुण्याला महाराष्ट्राचाच जीएसटी नंबर चालतो. हैदराबाद किंवा दिल्लीला विक्री करायची तर त्या राज्यात 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' (तात्पुरता करदाता) म्हणून नोंदणी लागते. अर्ज निदान पाच दिवस आधी करायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा, मुदत एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस. पहिल्या वेळेसाठी राज्यातच राहा, असं मी म्हणतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. सोबत डिलिव्हरी चलन (विक्रीआधी माल हलवतानाचा कागद) ठेवा. पेटीवर एमआरपी, निर्मात्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन छापलेला हवा. आणि १४ वर्षांखालील मुलांसाठी खेळणं म्हणून विकणार असाल तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. वयोगट छापण्याआधी सीएशी बोला, छापल्यावर नको.

माल नेताना

पेटी वजनकाट्यावर ठेवा. माझी ९०० ग्रॅमची आहे, म्हणजे शंभर पेट्या ९० किलो. थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येतं, पण ते स्वतःचं सामान, विक्रीचा माल नव्हे. माल रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून किंवा ट्रान्सपोर्टनं चार दिवस आधी पाठवा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटर गाडीनं जाणारेही आहेत. दोघा प्रकाशकांचा माल एकाच गाडीत मावत असेल तर तो पर्याय स्वस्त पडतो. एकट्यानं एवढं चालवून लगेच स्टॉलवर उभं राहू नये, आवाज पहिल्याच दुपारी बसतो.

टेबलावर

खेळ समजावणारा आणि पैसे घेणारा वेगळा ठेवा. तुमच्यासोबत कुणी नसेल तर शेजारच्या प्रकाशकाशी आलटून पालटून करा. क्यूआर कोड दोन बाजूंना लावा. सुटे पैसे, गरम पाण्याची बाटली, पत्त्यांचा जादा संच. हॉलमधलं नेटवर्क गर्दीत बसतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमही.

आणि एक वही. ज्या क्षणी अनोळखी माणूस अडखळतो तो क्षण लिहा: कोणता पत्ता, कोणता नियम. घरच्यांनी आणि मित्रांनी शंभर वेळा खेळून जे सांगितलं नव्हतं, ते इथं दोन दिवसांत कळतं. कॉनला जाण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे, विक्रीपेक्षाही.

परत आल्यावर

पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक दुकानदाराला, कॅफेवाल्याला फोन करा. ज्यांनी कार्ड दिलं त्यांना महिन्यानंतर तुमचं नाव आठवत नाही. मग वही उघडा. माझ्या दुसऱ्या वेळच्या वहीत "लिलाव कधी थांबतो?" हा प्रश्न एकोणीस वेळा लिहिलेला निघाला. नियमपत्रिकेत तो तिसऱ्या पानावर तळाशी होता. आता नव्या छपाईत तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पहिल्याच ओळीत आहे.