हलका बेसबोर्ड: साहित्य घेण्यापूर्वीची तयारी

मॉडेल रेल्वेची मांडणी ज्या फळीवर उभारतात, तो बेसबोर्ड. त्याची मापे आधी ठरवावीत, हे सांगायला नको. मात्र तयार मांडणी ज्या दारातून न्यायची आहे, ते दारही मोजावे. १२०० × ६०० मिलिमीटरच्या मांडणीसाठी १२ मिलिमीटर जाडीचे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) घेतले, तर नुसत्या वरच्या फळीचेच वजन सुमारे साडेसहा किलो भरते; ६ मिलिमीटरचे प्लायवुड साधारण तीन किलोंचे असते आणि ५० मिलिमीटरचा एक्सपीएस फोम (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) सव्वा किलोच्या आसपास राहतो. एमडीएफचा विचार इथेच सोडावा. साधा थर्मोकोलही नको, कारण कापताना सुटणारे त्याचे मणी सगळीकडे चिकटतात.

प्लायवुड घेणार असाल, तर त्याच फेरीत वार्निश किंवा सीलरही घ्यावे, आणि ते दोन्ही बाजूंना पुरेल इतके घ्यावे. वरची बाजू रंगाने व गोंदाने झाकली जातेच; खालची उघडी राहिली, की ती हवेतील ओल शोषून फुगते आणि फळीला बाक येतो. जाड फळी हा ताण बऱ्याच अंशी सोसते, पातळ फळी सोसत नाही, त्यामुळे वजनासाठी जाडी कमी करणाऱ्याला तर खालची बाजू विसरण्याची मुळीच सवलत नाही. मागच्या वेळी मी ती विसरलो आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर रुळांची पातळी जुळेनाशी झाली. एन गेजमध्ये, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या अशा छोट्या मापात, जिथे दोन रुळांमधले अंतरच ९ मिलिमीटर असते, तिथे एवढा फरक डबे घसरायला पुरतो. वरची बाजू, खालची बाजू आणि चारही कडा, तेही चौकट जोडण्यापूर्वी, कारण नंतर कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नाही.

फोमला ओलीची फारशी भीती नाही, पण द्रावकयुक्त गोंद आणि बहुतेक स्प्रे रंग त्याला विरघळवतात, तेव्हा डब्यावरची सूचना वाचूनच गोंद घ्यावा. पॉइंट मोटर (रुळांचा फाटा बदलणारी छोटी मोटर) खालून बसवायची असेल, तर ५० मिलिमीटरच्या थरातून तिची रूळ सरकवणारी तार वर पोहोचेल का, हे आधी पाहावे. नाहीतर मोटर वरच बसवावी. फोमभोवती प्लायवुडची चौकट असेल, तर तिलाही सीलर लागतो, आतल्या बाजूनेसुद्धा.

चौकटीच्या आडव्या पट्ट्यांना विजेच्या तारांसाठीची भोके जोडणीपूर्वीच पाडावीत. पाय, बोल्ट, स्क्रू नेहमीप्रमाणे.