गावातल्या शोचं लाइव्ह रेकॉर्डिंग थेट ऐकणाऱ्यांना कसं विकायचं

आमचा बँड रत्नागिरीचा, चार जण, गाणी स्वतःची, मराठी रॉक म्हणा हवं तर. शो कुठे तर मालवण, चिपळूण, गुहागर, कधी गणपती मंडळ, कधी कॉलेजचं गॅदरिंग, डिसेंबरात एखादा बीच फेस्टिव्हल. ऐकणारे निम्मे चाकरमानी, सणाला गावी येतात, शो बघतात आणि दोन दिवसांनी डोंबिवली नाहीतर विरारला परत. मग तिकडून मेसेज येतो, "त्या रात्री वाजवलंत ते मिळेल काय?" असे मेसेज इतक्या वेळा आले की शेवटी आम्ही ते विकायलाच लागलो. कसं ते सांगतो, आमच्या चुकांसकट.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, लाइव्ह रेकॉर्डिंग घेणारा माणूस बहुतेक वेळा त्या शोला हजर असतो. गाणं चांगलं वाजलेलं त्याला स्टुडिओतलं पण मिळतं, त्याला ती रात्र पायजे असते. म्हणून दहा शोमधली चांगली चांगली गाणी निवडून एक अल्बम काढायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक शो वेगळा विका, गावाच्या नावाने आणि तारखेने. बाहेरच्या बँडनी हे कधीच केलंय. पर्ल जॅमने २००० सालच्या टूरचे ७२ शो वेगवेगळे अल्बम म्हणून काढले, चांगले वाईट सगळे. फिश २००२ च्या शेवटापासून आपले शो डाउनलोडला ठेवतात. आणि ग्रेटफुल डेडने तर १९८४ मध्ये स्वतः रेकॉर्डिंग करणाऱ्या लोकांसाठी शोमध्ये वेगळी जागाच ठेवली, या बसा, करा टेप.

आता रेकॉर्डिंग. साउंडवाल्याकडे डिजिटल मिक्सर असेल तर निम्मं काम झालं, बेहरिंगर एक्स३२ मध्ये एक्स-लाइव्ह कार्ड असलं की ३२ ट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइक आणि वाद्य वेगवेगळं, थेट एसडी कार्डवर उतरतात. पण गावात बहुतेक वेळा जुना अॅनलॉग मिक्सर येतो, त्याला ऑक्सचा एक आउट मागा, म्हणजे मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची जागा, आणि आपल्या झूमसारख्या रेकॉर्डरमध्ये घ्या, आणि रेकॉर्डर लाइन लेव्हलला (मिक्सरच्या जोरदार सिग्नलसाठीची सेटिंग) आहे का ते दोनदा बघा. आम्ही पहिल्या वेळी माइकच्या लेव्हलला ठेवला होता, पूर्ण दीड तास फाटलेला आवाज, आमचा बेसवाला अजून ती फाइल वाढदिवसाला ग्रुपवर टाकतो. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहील, २४ बिटमध्ये घेतलं तर नंतर वाढवता येतं, फाटलेलं मात्र शिवता येत नाही. जागेचा हिशोब: २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका चॅनलचे तासाला साधारण ५१८ एमबी, म्हणजे १६ चॅनल दोन तास म्हटले की साडेसोळा जीबी. ६४ चं कार्ड घाला आणि विसरा.

नुसत्या मिक्सरच्या फीडवर, म्हणजे मिक्सरमधून निघणाऱ्या आवाजावर, राहू नका. छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचा अॅम्प लोकांना थेटच ऐकू येतो, साउंडवाला तो मिक्सरमध्ये वाढवतच नाही, त्यामुळे फीडमध्ये गायक कानात बसल्यासारखा आणि ड्रम शेजारच्या वाडीत. आणि लोक तर नसतातच. म्हणून पब्लिकमध्ये दोन माइक लावायचेच, स्टेजपासून १५-२० मीटरवर, डोक्याच्या वर, स्पीकरच्या अगदी तोंडासमोर नको. किनाऱ्यावर असाल तर माइकला केसाळ वाऱ्याची टोपी लागतेच, साधा फोम काही कामाचा नाही. समुद्राची गाज खालच्या पट्टीत घुमते, मिक्स करताना १०० हर्ट्झच्या खालचं त्या दोन माइकमधून काढून टाका, तरी थोडी गाज राहते, राहू द्या.

हे दोन माइकच खरा माल आहे. मालवणकडच्या एका शोला मंडळातल्या एका आजोबांनी सुरू व्हायच्या आधी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, आणि खालून सगळी पब्लिक "व्हय म्हाराजा!" आमच्या ड्रमरने हळूच किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, द्यायला सुरुवात केली, प्रत्येक व्हय म्हाराजाला एक, आणि तिथूनच पहिलं गाणं उचललं. मिक्सरच्या फीडमध्ये फक्त आजोबा आहेत, उत्तर देणारं गाव नाही. पब्लिकच्या माइकमध्ये सगळं आहे, मागून एकजण "आवाज वाढव मरे" ओरडतोय ते पण. मिक्स करताना मी तो काढणार होतो, बरं झालं नाय काढला, लोक त्यालाच ओळखतात.

दोन्ही फीड एकत्र करताना एक गंमत होते. आवाज सेकंदाला ३४०-३५० मीटर जातो, म्हणजे २० मीटरवरच्या माइकला तो साठेक मिलिसेकंद उशिरा पोचतो, तसंच मिसळलं तर प्रत्येक स्नेअर (ड्रममधला तो कडक वाजणारा) दोनदा वाजल्यासारखा. उपाय सोपा, शोच्या आधी ड्रमरला स्नेअरवर एकच जोरात मारायला सांगा, मग ऑडॅसिटी किंवा रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो ठोका दोन्ही ट्रॅकवर शोधून पब्लिकचा ट्रॅक तेवढा डावीकडे ओढा, म्हणजे तो तेवढा लवकर वाजेल.

लाइटचं बोलायलाच नको. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, नवीन सेल घालून. मिक्सरला यूपीएस मिळाला तर बघा, कारण जनरेटरवर जाताना तो एक झटका बसतो त्यात मिक्सर रीस्टार्ट होऊ शकतो. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, राज्य सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून, तेव्हा शेवटचं गाणं कापलं जाऊ शकतं. कापलं गेलं तर तसंच ठेवा, लोकांना माहितीये का थांबलं ते.

परवानग्यांचं आधी बघा, हे कंटाळवाणं आहे पण नंतर भांडण होण्यापेक्षा बरं. विकायचं ते स्वतःचंच. पिक्चरमधलं गाणं पब्लिकला वाजवून दाखवणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग विकणं वेगळं, त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात, आम्ही सरळ ती गाणी कापून टाकतो. आपल्याकडे लेखक-संगीतकार वारल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे तुकोबांचे शब्द मोकळे आहेत पण तुम्ही ज्या चालीवर म्हणताय ती चाल गेल्या शतकातल्या कुणाची असेल तर ती मोकळी नाही. चाल आपली लावा. शक्ती-तुऱ्याचं, म्हणजे आपल्याकडच्या सवाल-जवाबाच्या लोककलेतलं, गाणं "पारंपरिक आहे" म्हणून उचलू नका, त्याचा शाहीर बऱ्याचदा शेजारच्या तालुक्यात हयात असतो, फोन करून विचारा आणि त्याचा वाटा ठरवा. पाहुणा कुणी वाजवायला आला असेल, ढोलकीवाला, कीबोर्डवाला, त्याच्याकडून पण लेखी हो घ्या, रेकॉर्डिंगवर त्याचाही कायद्याने हक्क असतो.

विक्री म्हणजे आंब्यासारखं आहे. आपले बागायतदार वाशीच्या दलालाकडे माल न पाठवता व्हॉट्सअॅपवर थेट गिऱ्हाइकाला पेटी देतात, तसंच. आणि पिकल्यावर थांबायचं नाही. शोच्या चौथ्या दिवसाच्या आत लिंक गेली पायजे, चाकरमानी मुंबईला पोचून त्याला गावची आठवण यायला लागते तेव्हा. आम्ही एकदा परफेक्ट मिक्सच्या नादात दीड महिना घालवला आणि कुणी विचारलं नाही. दोन संध्याकाळी मिक्स, बस.

शोला टेबलावर यूपीआयचा क्यूआर लावा, आणि एक वही पण ठेवा, कारण आपल्याकडे निम्म्या जागी रेंज नसते. वहीत नाव आणि व्हॉट्सअॅप नंबर, पैसे नंतर. आम्ही एका शोचे ९९ रुपये घेतो. पेमेंटचा स्क्रीनशॉट बघून फाइल देऊ नका, बँकेच्या अॅपमध्ये पैसे आलेले बघा. फाइल ३२० केबीपीएस एमपी३ द्या, दीड तासाचा शो २१६ एमबीच्या आसपास होतो, गाणी वेगळी कापून, नाव-तारीख-गाव टॅग करून. ज्याला फ्लॅक (आवाज अजिबात न घटवलेली मोठी फाइल) पायजे तो स्वतःहून मागतो, असे दोन-तीनच असतात. झिप पाठवली की काकी-मामांचे फोन येतात "उघडत नाय", म्हणून त्यांच्यासाठी ड्राइव्हचा फोल्डर.

दुबई-कुवेतला असलेल्या गाववाल्यांसाठी बँडकॅम्प ठेवा, बँडनी आपली गाणी थेट विकायची वेबसाइट. ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतात, पेमेंटचा खर्च वेगळा, आणि पैसे पेपॅलवर येतात. पेपॅलने भारतातल्या भारतातलं पेमेंट १ एप्रिल २०२१ पासून बंद केलंय, त्यामुळे इथल्या लोकांसाठी आमचा यूपीआयच बरा. स्पॉटिफायवर पण टाका पण पैशाची आशा नको, २०२४ पासून वर्षाला १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसा मिळत नाही.

एकाने घेतलं की वाडीभर फिरतं, फिरू द्या. पुढच्या शोला तीच वाडी येते.

मूळ ट्रॅक दोन हार्डडिस्कवर ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, पावसाळ्यात आपल्याकडे कशालाही बुरशी येते, आणि दुसरी डिस्क दुसऱ्याच्या घरी. आणि मंडळाला एक पेनड्राइव्ह फुकट द्या, स्टेज त्यांचा, लाइट त्यांची. अध्यक्षांच्या गाडीत तो गणपतीपर्यंत वाजत राहतो.