मामा तलाव: खोदण्यापेक्षा लावणं महत्त्वाचं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या ‘मामा’ तलावाचं काम निघालं की आधी पोकलेन येतो, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. या तलावाचं पोट परातीसारखं पसरट. पाळीकडे, म्हणजे बांधाकडे खोल, वरच्या अंगाला हळूहळू चढत गेलेलं. पाणवनस्पती, मासे, पक्षी सगळ्यांचा संसार त्या उतारावर. तिथे उभ्या काठाचा खड्डा पाडला तर पाणी साठेल, पण कमळपक्ष्याला पाय ठेवायला पान उरणार नाही. गाळ काढायचाच तर पाळीजवळचा, पातळ थरांत काढा. मुरूम दिसेपर्यंत जाऊ नका. खालचा चिकण थर फुटला की पाणी झिरपून जातं. तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आणि सांडवा यांची गळती मात्र पावसाआधीच बंद करा.

मे महिन्यात बेशरम हे काठावर माजणारं तण काढा. नुसती छाटली तर दुप्पट फुटते, आणि ओल्या चिखलात पडलेली वीतभर कांडीही मूळ धरते. म्हणून मुळासकट उपटा, पाणी चढतं त्या रेषेच्या वर नेऊन पूर्ण वाळू द्या. पुढची दोन-तीन वर्षं नवे कोंब उपटावे लागतातच. एका वर्षात संपली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गुरांच्या खुरांनी तलावाचं पोट दगडासारखं घट्ट झालेलं असतं. पहिल्या सरींनंतर उघडी जमीन उथळ नांगरा. जिथे देवधान म्हणजे रानटी भात उगवतं, तो पट्टा सोडा.

लागवड जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी चढू लागलं की. रोपं जवळच्याच चांगल्या तलावातून आणा, एका जागचं सगळं उपटू नका. कोणती वनस्पती कुठे येते आणि कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, हे ढिवर या मासेमार समाजातल्या बायांना विचारा. मासेमारीच्या संस्थेला विचारल्याशिवाय तर कामाला हातच लावू नका. काठाच्या घोटाभर पाण्यात देवधान, गुडघ्यापासून कमरेपर्यंत कुमुदिनी, त्यापुढे पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया. खोल पाण्यात रोप तरंगून जातं. तीन-चार काड्यांची मुळं चिखलाच्या लिंबाएवढ्या गोळ्यात दाबा आणि गोळा अलगद सोडा. पानं मोकळीच राहू द्या. मुळं धरेपर्यंत त्या भागात गुरं नकोत, जाळं ओढणंही नको. आणि गवत्या म्हणजे ग्रास कार्प मासा सोडू नका. लावलेलं सगळं तो खाऊन टाकतो. मरळ, शिंगी यांना हाच झाडोरा लागतो.

पाहुण्यांसाठी सिमेंटची वाट आणि नौकाविहार काढला तर बदकं उठून दुसऱ्या तलावावर जातात. पक्षी बघायला पूर्वेच्या काठावर झुडपांच्या आड एकच जागा करा, सकाळचं ऊन पाठीशी राहतं. वरचा उथळ काठ माणसांना कायम बंद. गोंदियाकडे पावसाळ्यात सारसाचं घरटं दिसलं, तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती बघायची जागाही बंद ठेवा आणि घरटं कुठे आहे ते कुणाला सांगू नका, फोटो काढणाऱ्यांना तर मुळीच नाही.