एलीच्या लिंक्सवर खेळायला जाताय? या चुका टाळा

गोल्फची बॅग घेऊन स्कॉटलंडला निघालेल्या आपल्या लोकांची सगळ्यात महागडी चूक म्हणजे अख्खी सहल सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानाभोवती आखणं. तिथे खेळायला मिळण्यासाठीच्या बॅलटचा, म्हणजे सोडतीचा, निकाल दोन दिवस आधी कळतो. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फच नसतो, गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात. नाव लागलं नाही की मंडळी हॉटेलात तोंड पाडून बसतात. खरं तर तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, फोर्थच्या खाडीवर एली नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे गोल्फ हाउस क्लबचा लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचा, कोर्स आहे. इथे ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा कधी झाली नाही, त्यामुळे टीव्हीवर दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे कुणाच्या यादीतही नसतो. पण या किनाऱ्यावर लोक कित्येक शतकं गोल्फ खेळताहेत. क्लब १८७५ चा. १९०१ ते १९१० या काळात पाच वेळा ओपन जिंकणारा जेम्स ब्रेड एलीला लागूनच असलेल्या अर्ल्सफेरीत १८७० साली जन्मला आणि याच वाळूवर खेळायला शिकला.

स्कोअरकार्ड बघून हसू नका

पार, म्हणजे अख्ख्या कोर्ससाठी अपेक्षित फटके, ७०. लांबी सव्वासहा हजार यार्डांच्या आसपास. सोळा पार फोर (प्रत्येकी चार फटक्यांत बॉल खळीत घालायचे होल), दोन पार थ्री, पार फाइव्ह एकही नाही. चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या कोर्सवर नियमित खेळणारा माणूस हे कार्ड बघतो आणि मनातल्या मनात हँडिकॅपपेक्षा (कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) चार-पाच कमी मारून मोकळा होतो. कार्डावर छापलेला आकडा या कोर्सवर जवळजवळ निरुपयोगी आहे. समोरून वारा असेल तर चारशे यार्डांचा होल दोन चांगल्या शॉटमध्ये गाठता येत नाही. तोच वारा पाठीशी असेल तर ड्राइव्हनंतर, म्हणजे पहिल्या लांब फटक्यानंतर, हातात वेज (जवळचा उंच फटका मारायचा क्लब, म्हणजे काठी) येते, आणि तिने मारलेला बॉल ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या आखूड गवतावर, थांबत नाही. पार फाइव्ह नाही म्हणजे हक्काची बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मिळवायची जागाही नाही, हे पहिल्या नऊ होलनंतर लक्षात येतं.

रेंजफाइंडरचंही तेच. तो झेंड्यापर्यंतचं अंतर सांगतो. तुम्हाला हवं असतं बॉल पहिल्यांदा कुठे टप्पा घेईल ते अंतर. कडक जमिनीवर ती जागा ग्रीनच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडे असू शकते.

बॉल हवेत, खेळ हातचा गेला

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या खेळाडूंचे सर्वाधिक शॉट याच एका सवयीपायी जातात. आपले कोर्स पाणी मारून मऊ ठेवलेले असतात. पावसाळ्यात तर बॉल पडला तिथे रुतून बसतो. त्यामुळे हात एकच गोष्ट शिकतात: उंच मारा, वरून खाली आणा, थांबवा. एलीची जमीन वाळूची आहे. पाणी लगेच झिरपतं, गवत बारीक आणि आखूड, खालची माती घट्ट. ग्रीनपासून तीस यार्डांवर तुम्ही सँडवेज काढता, पण क्लबखाली गवताची गादीच नसते. वेजची खालची कड जमिनीवर आपटून उसळते, बॉलच्या मध्यावर बसते आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. मग माणूस स्विंगला दोष देतो.

दोष क्लब निवडण्यात आहे. अशा जागी सेव्हन किंवा एट आयर्न घ्या, बॉल उजव्या पायाकडे ठेवा, मनगटं न मोडता पटरसारखा (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) हलका धक्का द्या आणि बॉलला गडगडत जाऊ द्या. वाटेत उंचवटा, खड्डा नसेल तर सरळ पटरच काढा, ग्रीनच्या पंधरा यार्ड बाहेरून काढला तरी कुणी हसणार नाही. तिथले सत्तरीतले सभासद दिवसभर हेच करतात आणि शांतपणे तुमचे पैसे जिंकून नेतात.

वाऱ्यात बिघडलेलं कसं सावरायचं

समोरच्या वाऱ्यात बॉल वर चढतो, थबकतो आणि धपकन खाली येतो? म्हणजे तुम्ही जोर लावताय. जोराने बॉलला फिरकी जास्त मिळते आणि वारा त्याला आणखी वर उचलतो. ठोकताळा म्हणून ताशी १० मैल समोरच्या वाऱ्याला एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारा, धरा. वारा वीसचा असेल तर दोन किंवा तीन. ग्रिप इंचभर खाली पकडा आणि पाऊण स्विंग करा. पाठीमागचा वारा तितकी मदत करत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

पुटिंग करताना वाऱ्याने बॉल हलला तर काय, यावर ग्रीनवर हमखास वाद होतो. २०१९ पासूनचा नियम असा: तुम्ही मार्क करून (जागेवर खूण ठेवून) बॉल उचलला असेल आणि परत ठेवला असेल, तर हललेला बॉल मूळ जागी आणायचा. दंड नाही. एकदाही उचललेला नसेल, तर जिथे गेला तिथून खेळायचं. म्हणून वारा असेल त्या दिवशी ग्रीनवर पोचल्याबरोबर आधी मार्क करा.

छत्री नेऊ नका. पहिल्याच झोतात उलटी होते. जलरोधक जॅकेट, पँट आणि ओल्यात पकड धरणारे पावसाळी ग्लव्ह्ज, तेही दोन्ही हातांचे, जूनमध्येसुद्धा बॅगेत असू द्या.

न दिसणारा पहिला टी शॉट

पहिल्या टीसमोर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेसमोर, टेकाड आहे. फेअरवे (ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) दिसत नाही, पुढे कोण आहे तेही दिसत नाही. त्यासाठी खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्या स्टार्टरच्या खोलीत चक्क पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे. तो एच.एम.एस. एक्सकॅलिबरचा: ही ब्रिटिश नौदलाची हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी प्रायोगिक पाणबुडी. तिच्या जोडीच्या एक्सप्लोररला खलाशी ‘एक्सप्लोडर’ (स्फोट होणारी) म्हणत, यावरून ते इंधन किती भरवशाचं होतं ते समजा. पाणबुडी भंगारात गेली, डोळा एलीत राहिला. स्टार्टर त्यातून बघतो आणि मग तुम्हाला मारायला सांगतो.

चूक इथे दोन प्रकारची होते. एक, फोटो काढण्याच्या नादात स्टार्टरच्या सूचना ऐकायच्या राहतात. दुसरी, नियमाची. टेकाडापलीकडे गेलेला बॉल सापडेल की नाही अशी शंका असेल, तर दुसरा बॉल मारण्याआधी तो ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) आहे असं मोठ्याने सांगायचं असतं. न सांगता मारलात तर पहिला बॉल तिथेच बाद, सापडला तरी. आणि शोधायला आता पाच नाही, तीनच मिनिटं मिळतात. आपल्याकडे पुढे उभा असलेला कॅडी बॉल पायाशी दाखवून देतो, ती चैन इथे नाही. बॅग स्वतः उचला किंवा ट्रॉली ओढा, आणि बॉल कुठल्या दगडाच्या, कुठल्या झुडपाच्या रेषेत गेला ते स्वतः बघून ठेवा.

काही दिवस उत्तर समुद्रावरून धुकं आत येतं, तिथे त्याला ‘हार’ म्हणतात. उबदार हवा थंड पाण्यावरून आली की हे होतं. तासाभरापूर्वी ऊन असलेल्या किनाऱ्यावर मग शंभर यार्डांवरचंही दिसेनासं होतं. अशा वेळी चिडून उपयोग नाही, चहा घ्या.

समुद्राकडच्या चार होलवर घाई नको

दहावा होल टेकडीवरून एकदम समुद्राकडे उतरतो. छोटा आहे, म्हणून सगळे ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) काढतात. ग्रीनपलीकडे किनारा आहे, एवढं लक्षात ठेवून क्लब निवडा. अकरावा जेमतेम १३० यार्डांचा पार थ्री, इथे वाऱ्याप्रमाणे वेजपासून फाइव्ह आयर्नपर्यंत काहीही लागू शकतं. बारावा किनाऱ्याला धरून वळतो आणि जितका समुद्र छाटाल तितका जवळ पडतो. हाव इथेच नडते. तेरावा माझ्या मते कोर्समधला सर्वोत्तम, आणि ब्रेडचंही मत तेच होतं असं सांगतात. ग्रीन उंचावर, लांबट आणि तिरकं. झेंडा मागे असेल तर झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या पुढच्या कडेवर टप्पा टाका. बॉल कॅरमच्या स्ट्रायकरसारखा घसरत आत जातो.

खोल बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) अडकलात तर आडवं किंवा मागे काढा. अगदीच नाही जमलं तर दोन शॉटचा दंड घेऊन बंकरच्या बाहेर, झेंडा आणि बॉल यांच्या रेषेत मागे ड्रॉप घेता येतो, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून खेळता येतो. भिंतीवर चार वेळा बॉल आपटण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बाकीची व्यवस्था

एलीला रेल्वे स्टेशन नाही. जवळच्या लेव्हन गावाचं स्टेशन जून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. पाहुण्यांच्या वेळा आणि शुल्क क्लबच्या संकेतस्थळावर बघून आधीच बुक करा. शाळांच्या सुट्टीत एडिंबराची कुटुंबं गावात उतरलेली असतात, तेव्हा ऐनवेळी वेळ मिळणं कठीण. हँडिकॅपचा पुरावा मोबाईलमध्ये ठेवा. पाच तासांचा चारजणांचा राउंड इथे खपत नाही. मागच्यांना वाट द्या, आणि बॉल मारून झाल्यावर नव्हे, चालतानाच पुढचा क्लब ठरवा. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारची उशिराची वेळ मिळाली तरी नाराज होऊ नका.

सकाळची वेळ मिळाली असेल तर दुपारी गावातल्या शिप इनकडे जा. या पबची स्वतःची क्रिकेट टीम आहे आणि उन्हाळ्यात तिचे सामने समोरच्या वाळूवर होतात. सामन्यांच्या वेळा ओहोटीवर ठरतात, तेव्हा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) पक्का करण्याआधी त्यांचं वेळापत्रक बघून घ्या.